थे मांगून येते

अकोल्याच्या त्या डाळमिलमध्ये निवडाईची शेड सगळ्यात मागे होती. पुढे मशीनचा धडधडाट, मध्ये कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, थप्प्या, आणि थप्प्यांमधल्या बोळातून चालत गेलं की एकदम ही लांबट, बुटकी शेड. मशीन जी डाळ नापास करून बाजूला टाकायचं ती इथं बायका सुपात घेऊन डोळ्यांनी निवडायच्या. जाळीच्या खिडक्यांकडे तोंड करून त्यांची रांग बसे, कारण उजेड तिकडून येई. पाठ बोळाकडे. धूळ नाकात जाऊ नये म्हणून प्रत्येकीनं डोक्यातोंडावरून ओढणी आवळलेली असायची. बोळातून पाहिलं तर पिवळ्या धुळीत नुसत्या पाठी दिसायच्या, एकसारख्या, आणि कोण कुठली ते सांगता यायचं नाही.

मी त्यांची मुकादम झाले त्याच हंगामात ते पहिल्यांदा ऐकलं. बोळातून येत होते. आत कुणाच्या तरी नणंदेच्या लग्नात आमटी कशी पुरली नाही त्यावरून हसणं चाललं होतं. मध्येच एक आवाज आला, विहिरीत उतरल्यासारखा खाली गेलेला.

"थे आली."

हसणं तिथंच तुटलं. मी शेडमध्ये पोचले तेव्हा सुपांची सळसळ तेवढी शिल्लक होती आणि एकही मान हलत नव्हती.

वऱ्हाडात 'ती'ला 'थे' म्हणतात एवढं मला ठाऊक झालं होतं. पण कोण ती? आधी कुणाचं नाव निघालेलं नव्हतं. मी वळून बोळात पाहिलं. बोळात कुणी नव्हतं.

"कोण आली?" मी विचारलं.

"कोनी नाई, बाई," रांगेतून उत्तर आलं. कोण बोललं ते पाठीवरून कळलं नाही.

मी इथली नव्हे. सावंतवाडीकडची. आठवीत शाळा सुटली, कारण आई अंथरुणाला खिळली आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. बाबा रात्रभर पावाच्या भट्टीवर असत आणि दिवसा झोपत. एकच खोली, तिच्यात दिवसा झोपलेला माणूस. म्हणून आम्ही भावंडं पाय टाचेवर न टेकता चालायला शिकलो, भांडं ठेवताना खाली बोट धरायला शिकलो, हातात बांगडी घालायची नाही हेही शिकलो. आमच्या घरात आवाज न करणं हीच माया होती. ज्याच्यावर जीव, त्याच्या उशाशी नुसतं उभं राहायचं, श्वास नीट चाललाय बघायचं आणि निघून जायचं.

बहिणीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला आले. पुढे ती मंडळी सुरतेला गेली आणि मी राहिले, कारण तोवर मिलच्या पॅकिंगमध्ये लागले होते. मला लावलं ते खालानं. खाला म्हणजे तेव्हाची निवडाईची मुकादम, जुन्या शहरातली. सगळी मिल तिला खाला म्हणे. गुडघे गेले तेव्हा ती अमरावतीला लेकीकडे राहायला गेली आणि जाताना मालकांना माझं नाव सांगून गेली. "इसको रख लो सेठ, चुपचाप काम करती है." त्या एका वाक्यावर आठवीही पूर्ण न केलेल्या बाईला मुकादमी मिळाली, आणि मुकादमीबरोबर मिलच्या मागची खोली. तिचे उपकार मी कसे फेडणार होते? फेडायचा एकच मार्ग दिसत होता, तो म्हणजे कामात काही चुकू न देणं. दिवसभर छातीत धाकधूक असायची की आज काहीतरी चुकेल आणि खाला खोटी पडेल.

आणि बायका तर सोडून जायला लागल्या होत्या. एक गेली, मग तिची जाऊ गेली, मग आणखी एक, काही न सांगता. मालकांनी मला ऑफिसच्या दाराशी बोलावलं.

"हे पाह्य बाई," ते म्हणाले, "तुह्याजवळ बाया टिकून नाही राहिल्या. खालाच्या टायमाले असं नव्हतं. नवी तूर येऊन राहिली, अन् रांग अर्धी. होळीलोक पाहू. नाहीतं अमरावतीच्या मिलमधून कोणाले तरी इकडे आणतो."

कोणाले तरी आणतो म्हणजे खोलीही त्या कोणाची तरी. माझ्या घरी, सावंतवाडीला, आता भावाचा संसार होता. तिथं माझं अंथरूण पडेल एवढीही जागा नव्हती. होळीपर्यंतच्या मुदतीला मी हो म्हटलं आणि बोळात येऊन थप्पीला टेकून उभी राहिले. तेव्हाच पलीकडून, पाण्याच्या टाकीजवळून बोलणं ऐकू आलं.

"परवा माह्या मांगं हुबी होती. मले पत्ताच नाई."

"बोल्ली काई?"

"बोलत नाई ना थे. तेच तं. मान अशी थंडीगार पडली माही. वळून पाहावं तं जीव होत नाई."

"मले वासावरून समजते."

"कायच्या वासावरून वं?"

"खोबऱ्याच्या तेलाचा वास येते पहिले. मंग समजायचं, मांगं हाय."

"अन् गेल्यावर ढिगाकडे पाह्य. ढिगात खड्डा असते. हात घालून जाते थे."

आमच्याकडे अशा गोष्टीचं नाव घेत नाहीत, नुसतं 'ते' म्हणतात, जागेत असलेलं. आणि खोबऱ्याचं तेल! इथं तर सगळ्या तिळाचं नाहीतर बाजारातलं वासाचं तेल लावतात. म्हणजे हे आमच्याच मुलखातलं काहीतरी, माझ्या मागून, एवढ्या लांब आलेलं. मला खरोखर तसंच वाटलं. आज लिहिताना हसू येतं, पण त्या दिवशी बोळातून शेडपर्यंत जायला पाय उचलेना.

त्यानंतर मी आणखी हळू चालायला लागले. जे काही तिथं होतं त्याला माझी चाहूल लागू नये म्हणून. बोलणंही कमी केलं. रांगेच्या मागून जाताना एकेकीच्या पाठीशी थांबायचे, हिला तर काही झालं नाही ना बघायला, आणि पुढे सरकायचे. संध्याकाळी बायका गेल्या की शेडमधून एक फेरी मारायचे. एकदा अशीच फेरी मारून परत फिरले तर निवडलेल्या डाळीच्या एका ढिगात खड्डा होता. मूठभर खोल, कडेला बोटांच्या रेघा. येताना मी त्याच ढिगाजवळून आले होते. येताना तो होता की नव्हता, काही केल्या आठवेना. रेघांवरून डाळ अजून घरंगळत होती. दाण्यावर दाणा पडायचा तो बारीक आवाज त्या रिकाम्या शेडमध्ये केवढा वाटला.

दुसऱ्या दिवशी बायका यायच्या आधी मी नारळ घेऊन शेडमध्ये गेले. आमच्याकडे जागेवाल्याला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे त्याला मोठ्यानं सांगतात की बाबा, चुकलंमाकलं पदरात घे आणि लेकराबाळांना सुखी ठेव. भिंतीकडे तोंड करून मी आमच्या बोलीत गाऱ्हाणं घातलं. ह्या बायकांका त्रास देव नको, तुझा काय ता माझ्याकडसून घे, असं. नारळ ठेवला, नमस्कार केला, वळले, तर बोळाच्या तोंडाशी बार्शीटाकळीची बाई उभी होती. ती रोज बार्शीटाकळीहून लवकरच्या गाडीनं यायची आणि सगळ्यांच्या आधी पोचायची. रांगेत सगळ्यात सफाईचा हात तिचा, शब्दही तिचाच चालायचा. ओढणी अजून बांधलेली नव्हती. तिचं तोंड मी तसं, उघडं, पहिल्यांदाच पाहत होते. ते पांढरं पडलं होतं.

मी काहीतरी समजावणार होते, पण काय आणि कुठल्या भाषेत? ती माझ्या बाजूनं भिंतीला अंग घासत तिच्या जागेवर जाऊन बसली. दुपारी तिला ताप भरला. दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

आता रांगेतल्या बाकीच्याही चुळबुळायला लागल्या. तिची जागा, शेवटच्या खिडकीखालची, मोकळीच राहिली. तिथं बसायला कुणी धजेना. मग एका दुपारी लाइट गेली, मशीन थांबलं, बायका पाण्याला उठल्या, आणि काम तुंबलेलं पाहून मीच ओढणी बांधून त्या जागेवर बसले. शेजारी एक बाई एकटीच निवडत होती. तिचे डोळे नवे वाटले. मूर्तिजापूरकडची, कोणाच्या तरी ओळखीनं त्याच सकाळी आलेली, हे मला नंतर कळलं. मुकादम कोण ते तिनं अजून पाहिलं नव्हतं.

मशीन बंद पडलं की तिथं एक वेगळीच शांतता व्हायची. पत्र्यावर कबुतरांची नखं वाजायची.

"हात चालव वं बाई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "थे येईन."

मी सूप खाली ठेवलं. "तू पाहिलीस?"

"मी कुठी पाह्यली? आजच तं आली मी. ह्या बाया सांगून राहिल्या. मांगून येते म्हने. चपलीचा आवाज नाई, बांगडीचा आवाज नाई. येते, मांगं हुबी राहते. ढिगात हात घालते अन् निंगून जाते. काई बोलत नाई. एका बाईले तं तापच भरला तिच्यापाई. भित्तीसंग बोलते म्हने."

"मेलेली आहे का?" मी विचारलं.

तिचा हात थांबला. ओढणीच्या फटीतून तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"मेलेली काहून असन?" ती म्हणाली. "पगार घेते ना थे. मुकादमीन हाय."

मी बसूनच राहिले. पहिल्यांदा तर अर्थच लागेना. वाटलं, आणखी कोणी मुकादमीन असेल, पूर्वीची, ह्या शेडमध्ये काही झालेली. मग एकेक गोष्ट आपल्या पायांनी येऊन समोर बसायला लागली. खोबऱ्याचं तेल. टाचा न टेकणारे पाय. नाव काढता न येणं, कारण जिचं नाव ती मागे उभी. मी खाली पाहिलं. माझा उजवा हात त्या बाईच्या निवडलेल्या ढिगात मनगटापर्यंत गेलेला होता. कधी गेला ते मला कळलं नव्हतं. बोटं आतल्या आत डाळ चाचपत होती, जशी काही दुसऱ्या कुणाची बोटं.

तेवढ्यात मागे कुणीतरी येऊन थांबलं. पाण्याला गेलेल्या बायका परतल्या होत्या आणि त्यांनी माझं लुगडं ओळखलं असणार. मी वळले नाही. मानेवर, जिथं अंबाडा संपतो तिथं, गार हात ठेवावा तसं झालं. किती वेळ त्या उभ्या होत्या कोण जाणे. त्या हंगामात रोज, प्रत्येकीच्या मानेवर, मी हे ठेवून जात होते.

सुट्टीच्या दिवशी अमरावतीला गेले. खाला लेकीच्या घरी, मागच्या ओसरीत दाराकडे पाठ करून चहा घेत बसली होती, दोन्ही गुडघ्यांना गरम कापड गुंडाळून. मी आत गेले, तिच्या पाठीशी थांबले आणि ती आपण होऊन वळेल म्हणून वाट पाहू लागले. ती वळली, किंचाळली, आणि बशीतला चहा गुडघ्यांवर गेला.

"या अल्लाह! कायकू डराती गे? आवाज नहीं देना आता तेरे को?"

मी तिथंच रडायला लागले. लेकीनं फडकं आणलं. सगळं सांगून झालं, मालकांची होळीची मुदतही सांगितली. खाला आधी हसली, मग हसायची थांबली.

"मैंने सेठ को बोली थी, चुपचाप काम करती. चुपचाप पीछे खड़ी रहती, ऐसा कब बोली मैं?"

"मला माहीतच नव्हतं खाला. मी काळजीनं थांबायचे."

"काळजी उनको कैसे दिखेगी? पीठ को आँखें रहतीं क्या?" तिनं गुडघा चोळला. "मेरे ससुर थे ना, वो आँगन में से खकार के आते. घर में बहुएँ बैठी हैं, पदर-बिदर संभाल लेंगी, हँसना है तो हँस के पूरा कर लेंगी. अपने ही घर में खकार के आते थे वो. और तू दूसरों के पीछे भूत के माफिक जाती."

"बाई माणसानं कसं खाकरायचं?"

"गले से," खाला म्हणाली.

खाकरणं सोपं नाही. सोमवारी बोळाच्या तोंडाशी उभी राहिले आणि घशातून काही निघेचना. निघालं ते भलतंच, मांजर चिरडल्यासारखं. आतल्या सगळ्या पाठी एकदम ताठ झाल्या. दुसऱ्या दिवशी घरी, खोलीचं दार लावून, आधी सराव केला. कबुतरं उडाली. मग शेडकडे गेले आणि बोळातच चांगलं दणकून खाकरले.

आतून एक म्हातारी म्हणाली, "पदर घ्या वं पोरीहो. सासरा आला."

रांग हसली. मी आत पोचले तेव्हाही हसणं पूर्णपणे थांबलेलं नव्हतं, शेपूट शिल्लक होतं. त्या शेपटाचं मला किती वाटलं ते कुणाला सांगायचं.

त्या दिवसापासून 'थे आली' बंद होऊन 'सासरा आला' सुरू झालं, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. दोन्ही चालायचं. मी काचेच्या बांगड्या भरल्या. हात आपोआप ढिगात जाऊ नये म्हणून उजव्या हातात डाळीचं रिकामं माप धरून हिंडायला लागले, आणि ढिगाला हात लावायचा तर आधी "बघू का?" म्हणून विचारायचं. बघून झाल्यावर काही तरी बोलायचं. आमच्या घरी, सगळं ठीक असलं की कुणी काही बोलत नसे. इथं मी काही न बोलता पुढे गेले की त्या बाईला दिवसभर वाटायचं, आपलं काय चुकलं. म्हणून "छान झालीय" हे दोन शब्द मोठ्यानं म्हणायचे. पहिल्यांदा मलाच कसंतरी झालं, जणू कुणाच्या झोपेत भांडं पाडलं.

रोज संध्याकाळी थोडा वेळ ओढणी बांधून रांगेत बसायचे, रोज वेगळ्या जागी. दुसरं काही शिकायला नव्हे. तिथं बसलं की मानेला कळायचं. मागे कोणी नसलं तरी कळायचं. आणि एवढं करूनही मालक शेडमध्ये येणार असले, छातीत धाकधूक वाढली, की मी पुन्हा कुणाच्या तरी पाठीशी उभी सापडायचे. माप कुठंतरी ठेवलेलं, बांगड्या मनगटावर वर सरकवलेल्या, हात खाली. कोणी सरकवल्या? मीच. आठवत मात्र नसे. माझ्यातली ती जी होती ती माझ्याहून शहाणी होती. तिला जुनी वाट पाठ होती.

बार्शीटाकळीची बाई परत आल्याशिवाय रांग बसणार नव्हती. ती गेली तशी आणखी दोघी जायच्या बेतात होत्या आणि होळी जवळ आली होती. मी तिच्या घरी गेले. घर गावाच्या कडेला, पुढे ओटा, ओट्यावर तिची सासू लसूण सोलत बसलेली. दार अर्धं लोटलेलं, आत अंधार. मी रस्त्यातूनच खाकरले.

"कोन हाय?" सासूनं डोळ्यांवर हात धरला.

"मिलमधून आलेय."

आत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग अंधारातून, हलक्या आवाजात, "माय, थे आली."

ह्या वेळी मी मागे वळून पाहिलं नाही.

"कोन थे?" सासू म्हणाली.

"थेच. मिलवाली."

सासूनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "हे वं? भूतावानी हाय म्हने. हे तं सुकट हाय नुसती. बस बाई, लसूण सोल."

मी बसले, लसूण सोलू लागले. बऱ्याच वेळानं सून दारात आली. तापानं उतरली होती. डोळे आत गेलेले.

"त्या दिवशी तुमी भित्तीले काय सांगून राहिल्या होत्या?" तिनं विचारलं.

"तुम्हाला त्रास देऊ नको म्हणून सांगत होते."

"कोनाले?"

मी लसणाकडे बघितलं. "मलाच, असं आता कळतंय."

सासू हसली. सून हसली नाही. चौकटीला टेकून उभी राहिली, मग म्हणाली, "तुमाले एक सांगू? तुमी मांगं आल्या की मले माह्या आईची आठवन यायची. आई मेल्यावर तेराव्यालोक मले मांगं कोनीतरी हुबं हाय असं वाटे. तसंच. म्हनून भेव." मग एकदम, भांडायच्या सुरात, "मी येतो. पन भित्तीले पाठ लावून बसीन. खिडकीकडे तोंड करून बसनार नाई."

"मग उजेड?"

"उजेडाचं तुमी पाहा. मुकादमीन हाय ना तुमी?"

उजेडाचं मी पाहिलं. सगळी रांग फिरवली. पाठ भिंतीला, तोंड बोळाकडे. आधी प्रत्येकीच्या डोक्याची सावली सुपात पडली, मग बसायची बारदानं तिरकी टाकून बघितली, तेव्हा जमलं. मालक म्हणाले, काय लग्नाची पंगत मांडली का. मी खाकरले.

पण त्या रचनेचं एक होतं. आता बोळातून येताना मला पाठी दिसत नव्हत्या. ओढण्यांच्या फटींतून सगळे डोळे एकदम माझ्यावर यायचे, तोंडाशिवायचे डोळे, धुळीत. पहिले काही दिवस मलाच पाय अडखळल्यासारखे व्हायचे. मग वाटायचं, बरोबर आहे. इतके दिवस मी पाहत होते, आता त्या पाहतायत.

होळीच्या आदल्या आठवड्यात मालकांनी अमरावतीच्या मिलमध्ये बोलावलं. मी खोली झाडून, भांडी एका पोत्यात भरून ठेवून गेले होते, न जाणो. तिथं ते फोनवर होते. मला हातानं थांब म्हणाले, फोन संपवला आणि विचारलं, "रांग भरली म्हणते क्लार्क. काय केलं तू?"

"खाकरायला लागले."

बहुतेक त्यांना वाटलं, ह्या बाईला नीट बोलता येत नाही. "बरं," ते म्हणाले. "राहा मंग. पुढच्या सालीबी तूच पाह्य."

बडनेऱ्याला गाडीत बसले तेव्हा ऊन उतरलं होतं. पोत्यातली भांडी घरी जाऊन बाहेर काढायची, एवढाच विचार डोक्यात होता आणि त्याचंच मला हसू येत होतं. मूर्तिजापूर यायच्या आधी फोन वाजला. बार्शीटाकळीची.

"बाई, कुठी हाय तुमी?"

"गाडीत. मूर्तिजापूर येतंय आता. का गं?"

तिकडे मशीन बंद असावं. मागे काहीच आवाज नव्हता.

"मंग इथं कोन हाय?"

"कुठं?"

"माह्या मांगं. बाया चायले गेल्या. मी एकलीच हाय शेडमधी. अन् मांगं हुबी हाय थे."

"अगं, तुझ्या मागे भिंत आहे ना?"

"हाय ना," ती म्हणाली. "तरी."

समोरच्या बाकावरची माणसं पेंगत होती. तिला काय सांगायचं होतं? की मी इथं आहे, म्हणून तिथं नाही? हे मला तरी कुठं ठाऊक होतं? इतके दिवस मी ज्या पाठींमागे उभी राहिले, त्या जागा मी सोडल्या म्हणून लगेच मोकळ्या झाल्या असतील कशावरून? भांडं उचललं तरी खाली गोल डाग राहतोच.

"वळून बघ," मी म्हटलं.

"नाई. तुमी बोला पहिले. तुमचा आवाज फोनात हाय म्हंजे तुमी तिकडंच हाय. बोलत राहा, मंग पाहीन."

"काय बोलू?"

"काईबी बोला. मुक्या नका राहू."

मग मी बोलायला लागले. खिडकीबाहेर जे दिसेल ते सांगत गेले. कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या उपटून ढीग केलेत, सांगितलं. एका वावरात हरभरा निघालाय आणि बकऱ्या शिरल्यात. एक माणूस सायकल हातात धरून फाटकाशी उभा आहे, त्याच्या कॅरियरला कोंबडी बांधलीय, उलटी. मूर्तिजापूर आलं. एक समोसेवाला डब्यात चढला, त्याला तेलाचा वास येतोय. समोरचा माणूस जागा झाला आणि ही बाई एकटीच काय बडबडतेय म्हणून माझ्याकडे बघायला लागला, तेही तिला सांगितलं. जन्मात मी इतकं सलग बोलले नव्हते. घसा दुखायला लागला. गाडी हलली.

"पाहिलंस?" मी विचारलं.

"पाहून राहिली," ती म्हणाली. आवाज अजून खालीच होता, पण थरथर नव्हती. "तुमी थांबू नका. बोला, बाई. जाऊन राहिली थे."